काटा हलला काय?

माझ्या दुकानात पाऊल टाकण्याआधी ते शटरच्या लोखंडी पट्टीला तळहात टेकवायचे. क्षणभर थांबायचे आणि मग आत यायचे. पहिल्या दिवशी मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "काय पाहून राहिले गा? ते शटर आहे, विकाचं नाही!"

"अंगातली वीज उतरवून राहिलो, शेठ. टेरिलीन घातलं न आज. उगाच तुमच्या मालाले झटका बसाचा."

माझ्या मालाची इतकी काळजी त्याआधी कोणी केली नव्हती. हा माणूस काहीतरी फुकटात मागणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

माझं दुकान नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत होतं. लिलावात घेतलेला लष्कराचा जुना माल, मोडके रेडिओ, वायरींची भेंडोळी. मी काटोलहून एका पिशवीनिशी आलो आणि फुटपाथवर जुने बल्ब विकत दुकानापर्यंत पोहोचलो. समोरचा घासाघीस करतो तेव्हाच मला गिऱ्हाईक आल्यासारखं वाटतं. हे गृहस्थ भाव ऐकायचे. परवडला तर "बरं", नाही तर "राहू द्या". मी मुद्दाम चढवून सांगितलेल्या भावालाही त्यांनी दोनदा "बरं" म्हटलं, तेव्हा मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. भांडायला काही जागाच ठेवत नाहीत.

सरकारी कचेरीत ते नकाशे काढत आणि घरी रेडिओवरून जगाशी बोलत. रीतसर परवाना होता. त्यांचं घर माझ्या घरामागेच. एके दिवशी आले आणि म्हणाले, त्यांच्या गच्चीपासून माझ्या गच्चीपर्यंत एरियलची तांब्याची तार बांधायची आहे.

"मले काय देता?" मी विचारलं.

"तुमच्या रेडिओची खरखर घालवून देतो."

संध्याकाळी आले, माझ्या रेडिओला जमिनीत खिळा ठोकून अर्थिंग दिलं, खरखर गेली. मी अजून सौदा सुरूही केला नव्हता.

आता त्या तारेची गोष्ट. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे धुळीचं वादळ उठतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. ढग नाही, थेंब नाही, नुसती कोरडी धूळ तारेला घासत जाते आणि तारेत वीज साठते. जागा मिळेल तिथून ती उडी मारते. जुना व्हॉल्व्हचा सेट असता तर दोनदा खोकून गप्प बसला असता. पण यांनी दोन वर्षं खपून, एकेक सुटा भाग जमवून ट्रान्झिस्टरचा सेट बांधला होता. त्याला एवढा झटका पुरे. म्हणून अंगणात लोखंडी पाइप पुरलेला. वादळ आलं की तारेचं टोक सेटमधून काढायचं आणि पाइपाच्या आकड्यात अडकवायचं, म्हणजे वीज जमिनीत जाते.

कोरडी जमीन वीज घेत नाही, म्हणून रोज सकाळी ते पाइपाच्या बुडाशी लोटाभर पाणी ओतायचे. तेही मे महिन्यात, आम्ही नळावर रांगा लावून भांडत असताना.

"पालवी फुटली काय गा पाइपाले?" मी गच्चीवरून विचारी.

"मुळं धरून राहिला, शेठ," ते मान वर न करता सांगत.

ते दुपारी कचेरीत, म्हणून तार काढायचं काम त्यांच्या बायकोकडे, आमच्या वहिनींकडे. पहिल्याच वेळी ठिणगीने त्यांचं बोट चावलं. तेव्हापासून त्या लाकडी लाटण्याने तार ढकलायच्या. पश्चिमेला आभाळ तांबूस झालं की पोळपाट सोडून पिठाच्या हातांनी धावायच्या. "वादळ आलं की आधी सेट, मंग पोया," त्या माझ्या बायकोला सांगत. "लग्नात हे कोनी सांगतलं नव्हतं."

वहिनींची धावपळ वाचावी म्हणून एकदा ते माझ्याकडे रेझिस्टन्स मागायला आले. बोटाच्या पेराएवढी वस्तू. एक टोक तारेला, दुसरं पाइपाला कायमचं जोडायचं. माठ झिरपतो तशी वीज साठण्याआधीच हळूहळू जमिनीत झिरपत राहते.

मी पुडक्यातून एक काढून दिला. ते पुडकं ओल लागलेल्या गोदामातून आलेलं होतं. त्यातले काही मेलेले असणार, हे मला ठाऊक होतं. पण मोजून घेणं हे घेणाऱ्याचं काम, हा आमच्या धंद्याचा कायदा. त्यांनी तो खिशात टाकला. त्या दिवशी माल तपासायचं मीटर घरी राहिलं होतं आणि वहिनींना खुशखबर द्यायची घाई होती.

चारच दिवसांनी वादळ आलं. रेझिस्टन्स आहे म्हणून तार सेटलाच राहिली, लाटणं पोळपाटावरच राहिलं. संध्याकाळी ते सेट लावायला बसले तर आवाज नाही. पहिला ट्रान्झिस्टर गेला होता, आणि पुढचेही दोन त्याच्यामागे.

दुसऱ्या दिवशी ते आले. शटरला तळहात टेकवला. खिशातून तो रेझिस्टन्स काढला, मीटरच्या दोन तारा त्याच्या दोन टोकांना लावल्या आणि मीटर माझ्याकडे फिरवलं.

"काटा हलला काय, शेठ?"

काटा जागच्या जागी. म्हणजे रेझिस्टन्स आतून तुटलेला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी जो चढलो तो चढलोच. माल घेताना डोळे कुठे होते, जुना माल आहे, सोन्याच्या भावात घेतला काय, माझ्या गच्चीवरून तार उतरवा, जे तोंडाला आलं ते. ते ऐकत राहिले. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "पाणी प्या."

"दुसरा घेऊन जा!" मी पुडकं आपटलं.

"नको. घरून परवानगी नाही. लाटणंच बरं म्हणते."

आणि गेले. भांडण नाही, शिव्या नाहीत. भांडले असते तर मी दोन तासांत विसरलो असतो.

महिन्याभरात कॉलेजातले हौशी रेडिओवाले माझ्याकडे मीटर घेऊन यायला लागले. एकेक वस्तू मोजायचे आणि मला मीटर दाखवून विचारायचे, "काटा हलला काय, शेठ?" हुबेहूब त्यांच्या स्वरात. मी समजलो. या गरीब गाईने साऱ्या नागपुरात माझी बदनामी केली होती. तो राग मी पुढे कित्येक वर्षं जपला. ते दुकानात आले की मी दुसरीकडे पाहत भाव सांगायचो. ते "बरं" म्हणायचे. त्यांची तार कापायची म्हणून पक्कड घेऊन मी दोनदा गच्चीवर गेलो आणि दोन्ही वेळा पतंगाचा गुंता काढून खाली आलो.

निवृत्त झाल्यावर दीड वर्षाने, हिवाळ्यात, ते गेले. तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. सेट त्यांनी ठरवून ठेवल्याप्रमाणे एका विद्यार्थ्याला दिला होता. सुट्या भागांचा पत्र्याचा डबा माझ्यासाठी होता. नकाशे काढणाऱ्याचा डबा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, छापल्यासारखं अक्षर. सगळ्यात वर माझा रेझिस्टन्स. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आतून तुटलेला. न मोजता जोडला. चूक माझी."

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कोरी.

"सगळ्या पोट्ट्याइले हेच दाखवत," वहिनी म्हणाल्या. "म्हनत, माह्यासारखं करू नका, कोन्याही दुकानात मोजूनच घ्या, आन् विचारा, काटा हलला काय, शेठ?"

"आन् दुकान कोनतं, हे सांगत काय?" मी विचारलं.

"ते नाही सांगत. म्हनत, मोजाचं काम घेनाऱ्याचं, दुकानदाराचा काय दोष?"

माझाच कायदा. मी तो दुकानात शंभरदा ओरडून सांगितला असेल. त्या दिवशी मला तो ऐकवेना.

मे महिना आला. माझ्या गच्चीवरून पाहिलं तर वहिनी पाइपाला पाणी घालत होत्या. तार अजून वरच होती आणि तिचं टोक खिडकीशी नुसतंच लोंबत होतं. मी दुकानात गेलो, नवीन पुडकं फोडलं, एक रेझिस्टन्स निवडला आणि मोजला. पुन्हा मोजला. आणखी एकदा मोजला. मग दुपारी, आभाळ तांबूस व्हायला लागलं तसा, त्यांच्या अंगणात गेलो.

"सेट नाही न आता, भाऊ," वहिनी म्हणाल्या. हातात लाटणं होतंच.

"तार तर आहे न वर, वहिनी. तुमी पोया करा."

अंगात टेरिलीनचा शर्ट होता. मी आधी पाइपाला तळहात टेकवला, क्षणभर थांबलो, आणि मग एक टोक तारेला, दुसरं पाइपाला नीट पिळून बसवलं.

वहिनी वाकून पाहत होत्या. "काटा हलला काय, भाऊ?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणी केला असता तर त्याला मी गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचवून आलो असतो.

"हलला, वहिनी," मी म्हणालो. "तीनदा मोजला."