मागल्या दारानं आलेली अक्षरं

रुक्काभाभी गेल्या हे मला माती झाल्यावर कळलं. मी आता परंड्याला धाकट्या मुलाकडे असते. लोहाऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यानं चहा पिता पिता, भलत्याच विषयात सांगून टाकलं, "त्या मास्तरीणभाभी वारल्या की." मी विचारलं, कशानं? तो म्हणाला, वयानं. बरोबरच होतं. मी रडले नाही. मेथी निवडायला घेतली, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर पानं देठांच्या ढिगात आणि देठं पानांत पडलेली... महिना उलटल्यावर लोहाऱ्याला जाऊन आले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

मी सोलापूरची. लग्न होऊन लोहाऱ्याला आले तेव्हा सोलापूर इंग्रजांचं आणि लोहारा निजामाचं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाक्यावर इंग्रजी रुपया देऊन निजामाचा हाली शिक्का घेता येई, पण शिक्षण बदलून मिळायची सोय नव्हती. सोलापुरात मुलींच्या शाळेत मी मराठी चार इयत्ता शिकले होते. लोहाऱ्यात त्याचा उपयोग शून्य. आमच्या सासरी भुसाराचं दुकान; घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि शाळेत उर्दू. दहा पावलांच्या अंतरात पोराला तीन भाषा ओलांडाव्या लागत. पाटलाची, कुळकर्ण्याची आणि आमच्यासारख्या दुकानदारांची पोरं कशीबशी ओलांडत, कारण पुढं तहसिलीत काम पडणार हे त्यांच्या घरात माहीत होतं. कुणब्यांची पोरं अलिफ-बेपाशी अडखळत आणि पेरणीला म्हणून घरी गेली की परत येत नसत. गावकुसाबाहेरची पोरं आलीच तर शाळेच्या ओट्याखाली बसत. पोरींचा प्रश्नच नव्हता. मला वाचता येतं हे शेजारी फार बोलू नकोस, असं सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. रागानं नव्हे, नव्या सुनेला दृष्ट लागू नये म्हणून सांगावं, तसं.

त्या उर्दू शाळेचे हमीदमास्तर आमच्या मागल्या अंगाला राहत. त्यांचं मागलं दार आणि आमचं मागलं दार समोरासमोर, मधे बोळ. मास्तर उंच, सावकाश बोलणारे. सगळ्या गावाचे अर्ज तेच लिहीत. सरकारी कागद आला की तो घेऊन लोक त्यांच्या ओट्यावर बसत. रुक्काभाभी त्यांच्या बायको. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, हसताना तोंडावर पदर धरायच्या. मास्तरांची पुस्तकं त्यांनी कापडांत बांधून कोनाड्यात ठेवली होती. कुठल्या कापडात कुठलं पुस्तक हे त्यांना नेमकं ठाऊक, आत काय आहे हे ठाऊक नाही. मी एकदा विचारलं, भाभी, तुम्हाला मास्तरांनी शिकवलं नाही? त्या म्हणाल्या, मास्तर दिवसभर गावाच्या पोरांना शिकवतात, घरी आल्यावर त्यांना बोलायचाही कंटाळा येतो. डाळ महागली असं सांगावं तशा सुरात म्हणाल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी रझाकारांच्या धास्तीनं आमच्या घरातल्या बायका मळ्यात झोपल्या होत्या. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर दिवस फिरले आणि मास्तरांचं कुटुंब आमच्या ज्वारीच्या पोत्यांमागं लपून राहिलं. त्या दिवसांत या भागात कुणावर काय गुदरलं ते जुन्या माणसांना माहीत आहे. आमचे सासरे, आप्पा, दुकानाच्या दारात खाट टाकून बसत आणि विचारायला येणाऱ्याला, आत ज्वारी आहे, एवढंच सांगत. सगळं निवळल्यावर मास्तर घरी गेले, शाळा उघडली, आणि वरून हुकूम आला की आता शिकवणं मराठीत. ज्या मास्तरांना मराठी लिहितावाचता येत नाही त्यांनी परीक्षा द्यावी, नाहीतर नोकरी सोडावी.

हे आजच्या वाचकाला सांगून कितपत कळेल, कोण जाणे. हमीदमास्तर आमच्या गावातले सर्वांत शिकलेले गृहस्थ. मराठी ते बोलत, पण त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. एका हुकमानं ते अडाण्यांत जमा झाले. आणि ज्यांना कधी शाळा मानवली नव्हती, त्यांना आपल्या घरातली भाषाच शाळेची झाल्याचं कळलं. म्हणून ते लगेच शाळेत आले असं मात्र झालं नाही. पेरणी होतीच, ओटाही होताच.

मास्तरांना शिकवणार कोण? घरी मराठी अक्षरं शिकलेल्या ज्या पोरांना त्यांनी छड्या मारल्या, त्यांच्याकडं जायची त्यांना लाज. कुळकर्ण्यांकडं जायची त्याहून जास्त. एके दिवशी भाभी मागल्या दारातून आल्या आणि अव्वांच्या पायाशी बसल्या. कधीतरी माझ्या तोंडून निघालेल्या चार इयत्ता त्यांना आठवत होत्या. रात्री अव्वांनी गोष्ट आप्पांच्या कानावर घातली. आप्पा जेवताना फारसं बोलत नसत. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, शिकवू दे. पण मास्तरांनी परक्याच्या तरण्या सुनेपुढं पाटी घेऊन बसायचं, हे मास्तरांनाही जमणारं नव्हतं आणि आमच्या घरालाही. तेव्हा अव्वांनीच तोड काढली: दुपारी मी भाभींना शिकवायचं आणि रात्री भाभींनी मास्तरांना.

अशी त्या घरात मराठी गेली. भाभींना आपण शिकतोय असं वाटतच नव्हतं. निरोप नेतोय असं वाटे. निरोप चुकू नये म्हणून त्या एकेक अक्षर दहादा गिरवत. मास्तरांचा हात सवयीनं पाटीच्या उजव्या कडेला जाई. भाभींच्या हाताला कुठलीच सवय नव्हती, त्या डावीकडून निमूट सुरू करत. दोघांचंही 'ळ'पाशी अडे. 'शाळा' हा शब्द मास्तर कितीतरी दिवस 'शाला' लिहीत होते, आणि भाभी दुसऱ्या दिवशी येऊन हसत सांगत, "मास्तर आजबी नापास." पावसाळा सरेतो भाभी माझ्या माहेरची पत्रं मला वाचून दाखवू लागल्या. मी पोळ्या लाटायची, त्या वाचायच्या.

मास्तर परीक्षेला उस्मानाबादला गेले आणि नापास होऊन आले. आणखी एक संधी मिळणार होती, पण त्यांचं मन उडालं. हैदराबादला त्यांचे भाऊ होते. तिथं उर्दूला अजून किंमत होती. त्यांच्यासारखे कितीतरी मास्तर निघून गेलेच होते. भांडी बांधली, गाडी ठरली. अव्वा आणि मी वाटेसाठी भाकऱ्या घेऊन गेलो. मास्तर ट्रंकेवर बसले होते. अव्वांना म्हणाले, "अव्वा, आता मी इथं अंगठेबहाद्दर. अंगठेबहाद्दरानं गावात मास्तर म्हणून कसं ऱ्हायचं?"

आतून भाभींचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हैदराबादेत ह्ये अक्षर न्हाय. तिथं गेले की मी पुन्ना आंधळी. तुमाला जायाचं तर जावा. मी इथं ऱ्हाते. मला इथं वाचता येतंय."

भाभींनी नवऱ्यापुढं असं बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मास्तर ट्रंकेवरून उठले, बाहेर जाऊन गाडीवाल्याला, आज नको, एवढंच म्हणाले. आम्ही भाकऱ्या परत आणल्या नाहीत. त्या त्यांनी घरातच खाल्ल्या असतील.

दुसऱ्या खेपेला मास्तर पास झाले आणि नोकरी संपेपर्यंत पहिलीचा वर्ग शिकवत राहिले. वरचे वर्ग त्यांना कधी मिळाले नाहीत. भाभींनी मात्र, बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा आपलं अंगण देऊ केलं. कोण येतं कोण येत नाही हे मी त्या काळात जवळून पाहिलं. आमच्या गल्लीतल्या बायका घरून परवानगी मिळाली तर येत, पण तिथं पाणी पीत नसत. शेतातल्या बायका सुगी झाल्यावर येत आणि नांगरटीला गळत. गावकुसाबाहेरची सोनाबाई पहिल्यांदा आली ती अंगणाच्या कडेला उभीच राहिली. बाकीच्यांत कुजबुज झाली. भाभी म्हणाल्या, माझ्या अंगणात तुम्ही पाणी पीत नाही, मग कुणाजवळ बसलं तर काय बिघडतं? दोघी उठून गेल्या, पैकी एक परत आली. सोनाबाई बसली. बाकीच्यांपासून हातभर अंतर ठेवूनच बसली, आणि ते अंतर कमी व्हायला वर्षं लागली.

वर्तमानपत्रात कधी कधी येतं, कुठल्या जिल्ह्यात किती साक्षर, बायका किती, कुठल्या समाजात किती. मी ते वाचते. खोटं नसतं. पण भाभी त्यात कुठं बसल्या असतील, हे मला सांगता येणार नाही. त्यांच्यापुढं कुणी, अक्कल अमक्या समाजात जास्त, तमक्यात कमी, असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "अक्कल देवानं सारखीच वाटली. फुरसत माणसांनी वाटली." मास्तर वारून वीस वर्षं झाली होती तेव्हाही त्या हे म्हणत.

महिन्यानं लोहाऱ्याला गेले तेव्हा दार भाभींच्या मुलीनं उघडलं. ती शिक्षिका होती, आता निवृत्त झाली आहे. दाराशी चटई अंथरलेली होती. मी म्हटलं, कुणी येणार आहे का? ती म्हणाली, शेवटची काही वर्षं अम्माला दिसत नव्हतं, सोनामावशी दुपारी येऊन पेपर वाचून दाखवायची. अजून येते, तिला येऊ नको कसं सांगू? आम्ही बोलत होतो तोवर सोनाबाई आलीच. पाठीत वाकलेली, जाड भिंगांचा चष्मा. मला ओळखून मान हलवली. चटईवर बसली, पेपर मांडीवर उलगडला आणि बोट ठेवून, मोठ्यानं, लातूरच्या अडतीतला तुरीचा भाव वाचायला लागली. मुलगी आत चहा टाकायला गेली. मी चटईच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत राहिले.