दुसऱ्या दिवशीचा प्रश्न

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, भीती जास्त होती. काम तसं शांततेचं. फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, किती मोठं असावं, त्यावर काय लिहावं, एवढंच ठरवायचं. पण ही बाई ते काम हातात लाकडी पट्टी घेऊन करायची. तपासणीसाठी बोलावलेला माणूस फोन घेऊन समोर बसला, की ती त्याच्या कानाशी टेबलावर पट्टी आपटायची आणि ओरडायची, "दाब लवकर, तो आलाय." माणसाच्या हातातून फोन पडायचा. मग ती शांतपणे वहीत लिहायची: पडला.

तिचंही खरं होतं. ती जे बनवत होती ते घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी होतं. फोनच्या कडेचं बटण तीनदा दाबलं की आवाज नाही, उजेड नाही, पण बाई असेल तिथला पत्ता मदत पथकाकडे जायचा आणि गाडी निघायची. पाहणाऱ्याला ते हवामान सांगणारं साधं ॲप वाटायचं. आता मार खाणाऱ्या बाईचा हात काही सोफ्यावर रेलून चहा पिणाऱ्याचा नसतो. म्हणून मास्तरीण लोकांची बोटं साबणात बुडवायची, एक डोळा बांधायची, हात पाठीमागे पिरगाळायची. एकाचा खांदा आठवडाभर दुखला. साहेब म्हणाले, "अगं, एवढं कशाला?"

"माझ्या आईचा हात असाच असायचा, साहेब," ती म्हणाली. पुन्हा कोणी विचारलं नाही.

तिचा बाप पट्ट्याने मारायचा, तेही बकलाच्या बाजूने. त्या वेळी दोघी बहिणी पलंगाखाली असायच्या. ताई आपल्या दोन्ही हातांनी धाकटीचे, म्हणजे हिचे, कान झाकायची, त्यामुळे तिचे स्वतःचे उघडेच राहायचे. ताईचं लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, सुटली पोर. कसली सुटते? आगीतून फुफाट्यात गेली. भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवताना असा हळुवार हात, की म्हातारी माणसं आशीर्वाद देऊन जायची. घरी आल्यावर त्याच हाताने ते ताईचे केस मुठीत धरायचे. हे सगळं धाकटीला माहीत होतं. ताई मात्र दर वेळी ताकास तूर लागू द्यायची नाही. जिन्यावरून पडले, न्हाणीघरात घसरले. इतकं पडणारी बाई एव्हाना चालायचीच विसरली असती.

ॲप तयार झालं तेव्हा मास्तरणीने ते आधी ताईच्या फोनवर टाकलं. ताई म्हणाली, "मला कशाला हवामान?"

"असू दे. कधी वादळ आलंच तर तीनदा दाब."

ताई हसली नाही. तिला कळलं होतं.

एका सोमवारी भाऊजींनी ताईचं डोकं कपाटावर आपटलं आणि ताईने पाठीमागे हात नेऊन तीनदा दाबलं. नऊ मिनिटांत गाडी आली. भाऊजींनी हसून दार उघडलं. ताईने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं आणि सांगितलं, "काही नाही, कपाटाचं दार लागलं." पथकातली माणसं कागदावर लिहून निघून गेली. शेजाऱ्यांनीच चुगली केली असं भाऊजींना वाटलं. फोनवर त्यांना संशय आला नाही, इतकं ते बटण बिनबोभाट होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ऑफिसातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पहिले पाच तारे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते तारे मास्तरणीच्याच डोक्यातून निघालेले. ज्याच्यासाठी वस्तू बनवतो त्याला विचारावं, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा. म्हणून मदत मागितली की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोनवर आपोआप प्रश्न यायचा: "मदत पथकाच्या सेवेचा तुमचा अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या." बोटं साबणात बुडवून तपासली, डोळे बांधून तपासले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन कोणाच्या हातात असतो, हे काही तिने तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार तो हाच. बाप दुसऱ्या दिवशी किती गोड वागायचा, आईच्या उशाशी बसून तिच्या एकेका वस्तूला कसा हात लावायचा, हे सगळं पाहिलेली पोर ती. तिच्या ध्यानात मार तेवढा राहिला आणि दुसरा दिवस निसटला.

ताऱ्यांखाली दोन ओळी होत्या. एकीने त्या वाचूनही दाखवल्या: "फार छान अनुभव. पाचही दिले. धाकटीलाही असाच मिळो."

मास्तरणीने पट्टी टेबलावर अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले. शेजारच्या पोरीला म्हणाली, "तो प्रश्न काढ. आत्ताच्या आत्ता काढ. सगळ्यांचा." आणि पर्सही न घेता निघाली. पथकाला कळवावं असं वाटेत मनात आलं. पण पथक येणार, ताई म्हणणार काही नाही, आणि ते परत जाणार. आपणच तिला बाहेर काढायचं, असं तिने ठरवलं. राग तिच्या नाकावरच असायचा, आणि त्या दिवशी शहाणपण घरी राहिलं.

दार भाऊजींनीच उघडलं. "या, मेहुणीबाई. तुमच्याच ऑफिसचा प्रश्न आला ना, वाटच पाहत होतो."

ताई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. नवऱ्याचे शर्ट इस्त्री करत होती. तिचा डावा कान काळानिळा होता, ओठ फाटला होता आणि समोरचे दोन दात नव्हते.

"ताई, चप्पल घाल. निघायचं."

"सकाळी मोजून पाच दिले," भाऊजी दार लावत म्हणाले. "प्रत्येक फटक्याला विचारलं, अनुभव कसा होता? बोलली नाही ती. तू बोलशील, तुझी जीभ लांब आहे."

तिने त्यांना ढकललं. त्यांनी तिचा उजवा हात धरून पाठीमागे असा पिरगाळला की मनगटात काडकन आवाज झाला. ती गुडघ्यांवर आली. पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. तोंडात रक्ताची चव आली, डावा डोळा मिटला. मागच्या खिशात फोन होता. डाव्या अंगठ्याने तिने कडेचं बटण चाचपलं. एक. अंगठा रक्ताने घसरला. दोन. त्यांनी तिचे केस धरून डोकं फरशीवर आपटलं. तीन.

आवाज झाला नाही, उजेड पडला नाही. गाडी यायला आता सात-आठ मिनिटं लागणार होती, आणि तेवढ्यात माणूस मरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सांग," भाऊजी केस ओढत म्हणाले. "अनुभव कसा आहे?"

ते उत्तराची वाट पाहत होते तेव्हा ताईने गरम इस्त्री उचलून त्यांच्या उजव्या हातावर ठेवली आणि वर दोन्ही हातांनी भार दिला. कातडी चरचरली. ते असे किंचाळले की रस्त्यावरची माणसं थांबली. केस सुटले. ते ताईकडे वळले, तेव्हा तिने तीच इस्त्री त्यांच्या जबड्यावर मारली. दात पडले. ते खाली कोसळल्यावर तिने आणखी एकदा मारली, खांद्यावर, आणि मग आणखी एकदा. धाकटी फरशीवरून म्हणाली, "ताई, पुरे." ताईने इस्त्री जागेवर ठेवली आणि न विसरता तिची वायर काढली.

दारावर थाप पडली. ताईने दार उघडलं. कालचीच माणसं होती.

"काल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आत या."

बुधवारी सकाळी दोघी इस्पितळात होत्या. धाकटीचा हात प्लास्टरमध्ये, बरगड्या बांधलेल्या. ताई तिच्या खाटेशी स्टुलावर बसली होती. भाऊजी खालच्या मजल्यावर होते, दाराशी पोलीस होता. त्या पोलिसाला ताईकडूनही जबाब हवा होता, इस्त्रीचासुद्धा. ताई मांडीवर धाकटीचा फोन घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. अकरा वाजले. अकरा वाजून पाच मिनिटं झाली.

"आला नाही गं तो प्रश्न."

"काढून टाकला," धाकटी म्हणाली. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. "माझ्यामुळे झालं, ताई. मीच घातला होता."

 ताईने स्टूल पुढे ओढलं.

"प्रश्न वाईट नव्हता," ती म्हणाली. दात नसल्यामुळे तिचे शब्द हवेसारखे निसटत होते. "बारा वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. तू विचार."

 धाकटीने विचारलं, "कसा होता?"

ताईने फोन उशाखाली सरकवला आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी धाकटीचे कान उघडे होते. नर्स दुपारचं औषध घेऊन आली, तेव्हा ताई अजून दुसऱ्याच वर्षात होती.