किताबांतल्या बायांची खाला

सोलापूरच्या उन्हाला आणि आमच्या मोठ्या खालाला आवर घालणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यातही उन्हाचं एक बरं, ते संध्याकाळी मावळतं तरी. खाला म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. माझी सासू लग्नाआधीच वारलेली आणि खाला आमच्यातच राहणारी, त्यामुळे घरात सासूची गादी रिकामी होती आणि तिच्यावर खालाचाच हक्क होता. पण माझ्याशी सासूपणा करायला तिला सवडच मिळायची नाही. तिला पुस्तकातल्या सासवांशी भांडायचं असायचं.

मी साताऱ्याकडची. वडील शाळामास्तर. त्यांनी मला मराठी शाळेत घातलं आणि उर्दू घरी शिकवलं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायचं नि भोंग्यावर निजायचं, आणि आमच्या गल्लीतल्या बाया घरबसल्या विड्या वळायच्या. त्यांची दुपारची बैठक खालाच्या ओसरीवर, पडद्याआड. मांडीवर सूप, सुपात तंबाखू नि भिजवून कापलेली पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला गरगरावं. मी आल्यावर थोड्याच दिवसांत खालानं माझ्यापुढेही सूप ठेवलं. मी वळलेली पहिली विडी तिनं दोन बोटांत धरून उजेडात न्याहाळली, सगळ्यांना दाखवली, आणि मोठ्या काळजीनं मला विचारलं, "तेरेकू पढना आता क्या?" मी हो म्हटलं. सूप तिथल्या तिथे उचललं गेलं. त्या दिवसापासून मी वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या थोड्याथोड्या विड्या माझ्या नावानं बाजूला ठेवायच्या, असा कायदा झाला. असला मानाचा रोजगार मला पुढे आयुष्यात कधी मिळाला नाही.

पुस्तकं आणायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हे गिरणीच्या कचेरीत कारकून. येताना वाचनालयातून दिल्ली-लाहोरकडे छापलेल्या उर्दू कादंबऱ्या काखेत दडवून आणायचे, कारण त्यांच्या पहिल्याच पानावर 'शरीफ घरच्या लेकीसुनांसाठी' असं ठळक लिहिलेलं असे आणि कचेरीतली मंडळी ह्यांची चेष्टा करायला टपून बसलेली असत. बहुतेक पुस्तकांची कथा एकच. गरीब बापाची नमाजी, सोशिक मुलगी. सासू खाष्ट, नणंद चुगलखोर. नवरा दूर देशी निघून गेलेला, नाहीतर घरात असून नसल्यासारखा. ही बिचारी जानमाजावर, नमाजाच्या चटईवर, बसून आसवं गाळते, आणि शेवटी एक तर नवरा पस्तावून घरी येतो, नाहीतर तो यायच्या आत ही मरते. एकदा चवीत बदल म्हणून ह्यांनी खुनाच्या तपासाचं पुस्तक आणलं. खालानं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, ह्यात बाई कुठाय? मी म्हटलं, जिचा खून झाला तीच. सुरुवातीलाच मेली तर मग आपण इथं बसून करायचं काय, असं म्हणून तिनं ते पुस्तक संध्याकाळच्या आत परत पाठवलं.

खालाच्या लेखी ही माणसं कागदावरची नव्हतीच. ती आपली हैदराबादला नाहीतर दिल्लीला राहतात, आणि त्यांची खबर माझ्या तोंडून सोलापूरला पोचते, असा तिचा हिशेब. त्यामुळे वाचनाचे कायदे कडक होते. अजान झाली की वाचन बंद, कारण पुस्तकातल्यांनाही नमाज पढायची असेल. नायिकेला ताप असेल तर तो उतरेपर्यंत उठायचं नाही. आणि सगळ्यांत कडक कायदा म्हणजे बाईमाणसाला रस्त्यात सोडून पुस्तक मिटायचं नाही. नायिका एकदा का माहेरहून डोलीत बसली की ती मुक्कामी पोचून पाणी पिईपर्यंत मला सुटका नसे. लिहिणाऱ्या गृहस्थाला वाटेतल्या डोंगरदऱ्यांचं वर्णन करायची भारी हौस, आणि इकडे माझ्या चुलीवर डाळ लागून काळी ठिक्कर. आमचे हे घरी आले की आधी वास घ्यायचे आणि मग सुस्कारा सोडून विचारायचे, "आज कुणाचा प्रवास होता?"

समोरच्या विणकर पद्मसाळ्यांच्या घरची अक्का रोज आपलं सूप घेऊन यायची. तिची भाषा तेलुगू, मराठी कामापुरती, उर्दू तर निम्मीअर्धी, पण रडायला सगळ्यांत आधी सुरुवात तिची. काय झालं ते ती मागाहून विचारून घ्यायची. सासूचा एखादा नवा छळ कळला की डोळे पुसत म्हणायची, "लई वंगाळ हाय की ही म्हातारी." मग खाला उभी राहून त्या पुस्तकातल्या सासूला असं फैलावर घ्यायची की बैठकीतल्या खऱ्या सासवा माना खाली घालून विड्या वळायच्या. दोघीतिघींच्या सुनांना त्या दिवसांत माहेरी जायला चटकन परवानगी मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एकदा तर कमाल झाली. एका पुस्तकातली पोर, वाळवी लागावी तशी आतून पोखरत पोखरत, ऐन रमजानात वारली. ओसरीवर आकांत. दुसऱ्या दिवशी खाला वाचन ऐकेना, विड्याही वळेना. तिसऱ्या दिवशी पाहते तर हिनं मलिदा केलेला, अगरबत्ती लावलेली, आणि गेलेल्या पोरीच्या नावानं फातिहा पढायला मशिदीतल्या मौलवीसाहेबांना बोलावणं धाडलेलं. मौलवीसाहेब म्हातारे, मोठे मायाळू. पडद्यापलीकडे बसून त्यांनी रीतीप्रमाणे मरहूमचं, म्हणजे वारलेल्या माणसाचं, नाव विचारलं. खालानं सांगितलं. वालिदचं, बापाचं नाव? तेही सांगितलं. राहणार कुठली? खाला म्हणाली, किताबमधली. इकडे माझी हसू दाबून दाबून बरगडी दुखायला लागलेली. अखेर मौलवीसाहेब खाकरले आणि म्हणाले की बेटी, अशा हालांत ज्या ज्या कुणाच्या लेकी गेल्या असतील, त्या सगळ्यांसाठी आपण दुआ मागू. आणि त्यांनी खरोखर हात उचलून अशी दुआ मागितली की माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ओसरीवर प्रत्येकीला कुणी ना कुणी आठवलं होतं. मलिदा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

आता खालाचं स्वतःचं सांगते. तिचा नवरा, म्हणजे आमचे खालू, अत्तराच्या धंद्यासाठी म्हणून हैदराबादला गेले होते. चार महिन्यांत येतो म्हणाले. खालाच्या केसांत तेव्हा पांढरा केस नव्हता, माझ्या वेळी काळा शोधावा लागत होता. तिकडे त्यांनी दुसरा निकाह केल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनी हिला तलाक दिला नाही आणि नेलंही नाही. खाला ह्यावर चकार शब्द काढत नसे. पण पुस्तकातला नवरा पस्तावून उंबऱ्यात उभा राहिला, बायकोनं त्याला माफ केलं, की ही पदरात तोंड लपवून रडायची आणि लगेच उठून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायची. त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो होतो. ओसरीवरची एकूण एक बाई नमाजेनंतर एक दुआ खालूंच्या परतण्यासाठी मागायची. अक्कानं तर आपल्या मार्कंडेयाला नवस बोलून ठेवला होता.

आणि एका दुपारी ते आले. त्या दिवशीची नायिका पोराला कडेवर घेऊन सासरचं घर सोडून पायी निघाली होती, मी वाचत होते, आणि बाहेर टांगा थांबला. आमच्या ह्यांच्या धाकट्या बहिणीनं पडद्यातून डोकावून बघितलं आणि ती पांढरीफटक पडली. खालू आले, म्हणाली. सगळ्यांची बोटं थांबली. खालाची थांबली नाहीत. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "उन्कू बैठने बोलो। ये पहुंचने दे पहले।" मी वाचत राहिले. काय वाचलं ते अल्लाला ठाऊक. ती बाई एकदाची बापाच्या दारी पोचली, पाणी प्यायली, मग खाला उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली.

खालू आमच्याकडे आठवडाभर राहिले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. बोलायला गोड, अंगाला अत्तराचा मंद वास, गुडघे धरलेले. तिकडची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, खाणावळीचं अन्न पचत नव्हतं. झालं गेलं माफ कर आणि चल, म्हणाले. हैदराबादेत माडीवरचं घर आहे, एकदम शांत, कुणी येत नाही जात नाही, तुला विड्या वळाव्या लागणार नाहीत. हे सगळं ते इतक्या रीतसर बोलले की आमच्या पुस्तकांतला शेवटचा भागच वाटावा. पडद्याआड आम्ही सगळ्या डोळे पुसत होतो. खालानं त्यांना समोर बसून भाकरी वाढली आणि आणखी एक हवी का, तेवढं विचारलं.

आम्ही मात्र कामाला लागलो. कुणी तिची ट्रंक धुऊन उन्हात ठेवली, कुणी ओढणीला गोट लावला. अक्का घरच्या मागावरचं लुगडं घेऊन आली आणि ते देतानाच रडली. माझं विचाराल तर मला ती जायला नको होती. ही गेली की ओसरी गेली, दुपार गेली, आणि परक्या गावात मला माझं म्हणावं असं जे काही होतं ते गेलं. पण तिच्या आयुष्यभराच्या वाट पाहण्यापुढे माझ्या दुपारींची काय मातब्बरी, असं म्हणून मीही तिच्या ट्रंकेत घड्या घालत होते.

शुक्रवारी नमाजेनंतर खालानं मौलवीसाहेबांना बोलावलं. आम्हाला वाटलं, निघायच्या आधी दुआसाठी. ते आले, आमचे हे नि गल्लीतले एक बुजुर्ग त्यांच्या बाजूला बसले, खालू बसले, आणि पडद्याआडून खाला स्वच्छ आवाजात म्हणाली की मला खुला हवा, बायकोनं मागून घ्यायची फारकत. निकाहात ठरलेला माझा मेहर मी सोडते, त्यांनी मला सोडावं.

मीच तिचा हात धरला आणि म्हटलं, "खाला, अहो, किताबात तर सगळ्या माफ करतात. तुम्ही साखर वाटायचात."

"माफ तो मैं कब का कर दी," ती म्हणाली. "पर किताब की औरतां के पास कौन था गे? सहेली नै, पडोसन नै। मरद के सिवा दुनिया में कोईच नै था बिचारियों कू। वो आया तो जाएंगेच ना। मेरेपास तुमे सब हैं।"

अक्काला ह्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ती आधी रडली आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. मी तर पडद्यापलीकडे बाहेरचे बसलेत हेसुद्धा विसरून खालाच्या गळ्यात पडले. इतका आनंद मला माझ्या निकाहातही झाला नव्हता, आणि हे मी ह्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

मौलवीसाहेबांनी खालूंना बाजूला नेऊन बराच वेळ समजावलं. खालू आधी चिडले, मग म्हणाले, ठीक आहे, तिचंच खरं. त्यांनी दोन साक्षीदारांसमोर तिला मोकळं केलं. संध्याकाळची गाडी होती. टांगा दारात आला.

तेव्हा खाला आत चुलीपाशी होती. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ती पडद्यापर्यंत आली, आणि थांबली. सकाळपर्यंत हिनं त्यांना समोर बसून वाढलं होतं. आता ते परके पुरुष होते आणि त्यांच्यापासून तिला पडदा होता. तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला, पडद्याची कड सारखी केली आणि गाठोडं माझ्या हाती दिलं. मी पडद्याच्या फटीतून ते बाहेर सरकवलं. खालूंनी ते घेतलं, हातात तोललं, आणि जरा घुटमळून विचारलं, चटणीत लसूण तर नाही ना? त्यांना लसूण सोसत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

खाला त्यांना उत्तर देईना. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बोल उन्कू, नै डाली।" आणि मग फक्त माझ्याच कानावर जाईल इतक्या हळू, "याद है मेरेकू।"

मी बाहेर त्यांना पहिलं वाक्य तेवढंच सांगितलं.