वाकड्या मानेची माणसं

आमच्या घाटात सरळ मानेचा मोटारसायकलवाला पाहिलेला माणूस अजून जन्मायचाय. प्रत्येकाचा फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात. आमचा न्हावी तर म्हणे हल्ली एकाच बाजूचे केस कापतो, दुसरी बाजू उघडतच नाही!

आज चहाच्या टपरीसमोरून असाच एक गेला. ऐन वळणावर ओरडत होता, "अगं आई, हळूच चालवतोय!"

टपरीवाल्या शांताकाकूंच्या हातातली किटली थबकली.

त्यांचा मुलगा सुरेशही हेच म्हणाला होता. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला रे पडला की मागोमाग फोन जातो, "कुठवर पोचलास?" नाही केला तर माया आटली म्हणतात. काकूंनीही केला. "हळू चालव रे बाबा." तो "हो गं, हळूच चालवतोय" म्हणाला आणि पुढे नुसता ट्रकचा हॉर्न ऐकू आला. ज्या मायेनं माणूस घरी यावा, तीच त्या वळणावर त्याच्या खिशात वाजली.

वाकड्या मानेचा तो वळणाआड गेला. काकू कान देऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या उतारावर इंजिनाचा आवाज पुन्हा आला, तेव्हा कुठे त्यांनी माझा चहा ओतला.

"गेला बाई नीट," त्या पुटपुटल्या. "कुणाचा का असेना."