वेंडेलचं उंटझाड

वेंडेल हचिन्सच्या बसला छत नाही, डाव्या बाजूचा आरसा नाही आणि घाई तर मुळीच नाही. उन्हाळाभर ती धूळ खात पडून असते, कारण त्या दिवसांत आमच्या या वाळवंटी पाम स्प्रिंग्जमध्ये सरडे आणि आम्ही गाववाले असे दोनच प्राणी उरतात. थंडी पडली, की मिनेसोटा आणि कॅनडाहून पाहुणे उतरू लागतात. मुळ्यासारख्या पांढऱ्याफटक पोटऱ्या, नाकावर मलम आणि डोक्यावर माझ्याच दुकानातली गवती टोपी. मग वेंडेल बसला आंघोळ घालतो आणि लोकांना गाव दाखवायला निघतो.

दाखवतो म्हणजे खरं तर सांगतो. गुलाबी दाराचं घर आलं, की तिथल्या बाईने ते दार कुठल्या नवऱ्यावर चिडून रंगवलं याची हकिगत. पुढच्या फेरीत तेच दार दुसऱ्याच नवऱ्यावर चिडून रंगवलेलं असतं. बाई दाराआडून सगळं ऐकत असते, आणि तिचं लग्नच झालेलं नाही. पवनचक्क्यांच्या माळावर तो सगळ्यांना वाऱ्याकडे तोंड करून उभं करतो. तिथे ज्यांच्या टोप्या उडतात ते संध्याकाळी माझ्याकडे येतात, म्हणून वेंडेलबद्दल मी सहसा वाईट बोलत नाही. मग ताडांच्या घळीतल्या झऱ्यात पाय बुडवायचे, ओफेलियाच्या टपरीवर खजुराचं मिल्कशेक प्यायचं आणि शेवटी डोंगराच्या पायथ्याशी रोपवेच्या दारात उतरायचं.

"आता वर जा," वेंडेल सांगतो. "इथे लोक पोहण्याच्या तलावात डुंबताहेत आणि वर गुडघाभर बर्फ आहे. डब्याची जमीन जाता जाता गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडू नका. तारेचा खांब आला, की डबा झुलतो. तेव्हा सगळ्यांनी 'हूऽऽ' करून ओरडायचं. लाजायचं नाही. आणि वर गेल्यावर उंटझाड बघितल्याशिवाय परत यायचं नाही. पाईनचंच झाड, पण हुबेहूब उंट. पाठीवर मदार, मान खाली दरीकडे वळलेली. बिचाऱ्याला खालचे तलाव दिसतात ना!"

"आणि तुम्ही?" कोणीतरी विचारतंच.

"बस कोण सांभाळणार?"

ती बस चोरायची, तर चोराला आधी तिचा पहिला गिअर टाकायची शिकवणी घ्यावी लागेल. खरी गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वेंडेल उंचीला भितो. त्याच्या घरातला दिवा गेला, की तो शेजारणीला बोलावतो आणि स्वतः शिडी धरायची सोडून शिडीला धरून उभा राहतो. इतक्या वर्षांत तो एकदाही वर गेला नव्हता. वरचं त्याचं सगळं ज्ञान खाली परतलेल्या लोकांकडून गोळा केलेलं. एक फेरी जे सांगेल ते तो दुसऱ्या फेरीला ऐकवायचा, जरा मीठमसाला लावून.

उंटझाड असंच उगवलं. फार पूर्वी कॅनडातल्या विनिपेगचे एक आजोबा खाली आल्यावर म्हणाले होते, की वर एक झाड जरासं उंटासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी वेंडेलने त्याला मदार दिली. महिन्याभरात मान वळवली. दरीकडे बघून उसासा टाकणं हे गेल्या वर्षीचं. आणि गंमत अशी, की वर गेलेला प्रत्येक जण खाली येऊन म्हणायचा, "वेंडेल, दिसलं हो! अगदी तुम्ही सांगितलं तसंच!" तिकीट काढून, कुडकुडत वर जाऊन आपल्याला तेवढं दिसलं नाही, असं कोण कबूल करील?

तर हा वेंडेल ओफेलिया बारिएंतोसच्या प्रेमात पडला. दोघेही साठीच्या पुढचे, दोघेही एकटे. ओफेलियाचं मिल्कशेक इतकं घट्ट, की त्यात नळी उभी राहते आणि ओढताना गाल आत जातात. वेंडेल दुपारी पाहुण्यांबरोबर एक प्यायचा आणि संध्याकाळी पाहुण्यांशिवाय एक. त्याचं पोट पुढे आलं, पण बोलणं काही पुढे जाईना. दिवसभर शंभर अनोळखी लोकांपुढे तोंड चालवणारा हा गडी तिच्यापुढे नुसता नळी चघळत बसायचा.

शेवटी एकदा त्याने विचारलं. ओफेलिया खजुराच्या बिया काढत होती. तिने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले.

"इथे नको," ती म्हणाली. "अर्ध्या मिनेसोटाला तू त्या उंटझाडाखाली पाठवलंस ना? मग तिथेच विचार मला. सोमवारी टपरी बंद असते."

"ओफेलिया, इथे विचारलं तर काय बिघडतं?"

"इथे माश्या आहेत."

वेंडेल तडक माझ्या दुकानात आला आणि एक चांगली टोपी चुरगाळू लागला.

"ती 'नाही' म्हणाली असती, तर मी काहीतरी केलं असतं," तो म्हणाला. "ही तर वर बोलावते रे!"

"मग जा की."

"आणि मेलो तर?"

"निदान तिला उत्तर द्यायची तसदी पडणार नाही. टोपी खाली ठेव."

सोमवारी आम्ही तिघे निघालो. मला ओफेलियानेच बोलावलं होतं. "हा पडला, तर मला एकटीला उचलायचा नाही," असं तिने स्वच्छ सांगितलं. ती लोकरी कोट, हातमोजे आणि कॉफीचा थर्मास घेऊन आली होती. वेंडेल अर्ध्या चड्डीत. वर बर्फ असतो, हे रोज सांगणाऱ्या माणसाला ते स्वतःसाठी खरं वाटलं नव्हतं.

डबा सुटला आणि वेंडेलने डब्याच्या मधला दांडा मिठीत घेऊन डोळे मिटले. जमीन हळूहळू फिरू लागली. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. कान देऊन ऐकलं, तर त्याचं रोजचं भाषण चाललेलं. "उजव्या हाताला ताडांची घळ... दूरवर पवनचक्क्या... भांडू नका, खिडकी सगळ्यांना मिळणार आहे..." आजूबाजूच्या बायका त्याच्याभोवती जमल्या. एका बाईने माझ्या कानात विचारलं, "आंधळे आहेत का हो? किती छान सांगतात!"

खांब आला. डबा झुलला. सगळे एका सुरात "हूऽऽ" करून ओरडले. वेंडेलही ओरडला, पण त्याच्या "हूऽऽ" मध्ये मजेचा अंश नव्हता. पुढच्या प्रत्येक खांबाला तो ओरडला आणि दर वेळी ओफेलियाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटच्या खांबाला तिने हात काढलाच नाही.

वर उतरलो. चहूकडे बर्फ, पाईनचा वास, आणि दूर खाली आमचं गाव, टोपीतून सांडलेल्या बटणांसारखं. ओफेलिया पायरीवर बसली. थर्मासचं झाकण उघडत म्हणाली, "चल विएहो. कुठाय तुझा उंट?"

विएहो म्हणजे म्हातारबा. ती त्याला लाडात असली, की असं म्हणते. रागात असली तरीही.

वेंडेलने मान वर केली. एकूणएक झाड शाळेच्या कवायतीसारखं ताठ उभं होतं. तो या झाडापाशी गेला, त्या झाडापाशी गेला, एका झाडामागे वाकून पाहिलं. गुडघे निळे पडले होते. मी बर्फ तुडवत त्याच्याजवळ गेलो.

"ते बघ, ते जरा वाकलंय," मी कुजबुजलो. "बोट दाखव आणि मोकळा हो! तिला काय कळतंय?"

"ते? ते उंटासारखं नाही रे. ते तर आजारी दिसतंय."

"अरे, प्रेमात पडलेल्या माणसाने एवढं बारीक बघायचं नसतं!"

तेवढ्यात वनखात्याचा रखवालदार फावड्याने पायऱ्यांवरचा बर्फ ओढत आला. आमच्याच डब्यातल्या बाईने त्याला गाठलं. "उंटझाड कुठे हो?"

"डावीकडे, मोठ्या दगडामागे," तो मान वर न करता म्हणाला.

वेंडेल धावलाच. "आहे? खरंच आहे?"

"छे! कुठलं आलंय?" बाई लांब गेल्यावर रखवालदार म्हणाला. "पण रोज विचारतात. नाही म्हटलं तर हिरमुसतात, तक्रारी करतात. मग मी दगड दाखवतो. दगडामागे जाऊन जाऊन तिथे पायवाट पडलीये. खाली कोणी एक गाढव बसवाला आहे म्हणे, त्याने उठवलंय हे. एकदा भेटू दे मला."

वेंडेल उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, त्या आजारी झाडाकडे पाहिलं. मी मान जोरजोरात हलवली, की गप्प बस.

"तो गाढव मीच," वेंडेल म्हणाला.

आणि तसाच तो ओफेलियासमोर जाऊन उभा राहिला.

"झाड नाहीये, ओफेलिया. कधीच नव्हतं बहुतेक. मी आजवर वर आलोच नव्हतो. मला भीती वाटते. आता तू खाली जा. मी... मी बघतो काय ते."

"झाड नाही, हे मला माहीत आहे," ओफेलिया म्हणाली. "दर नाताळात बहिणींना घेऊन मी येते इथे. तुझ्यावर विश्वास ठेवून तीनदा पाय गोठवून घेतलेत माझे."

"मग मला का आणलंस?"

"तू वर येतोस का ते बघायला. आणि आल्यावर कुठल्या झाडाकडे बोट दाखवतोस ते बघायला. दाखवलं असतंस ना, तर मी पुढच्या डब्याने एकटी खाली गेले असते."

मी एकदम दूरचे डोंगर बघायला लागलो.

"तर आता विचार," ती म्हणाली. "लवकर. कॉफी गार होतेय."

वेंडेलने विचारलं. ती हो म्हणाली. रखवालदाराने फावडं बर्फात रोवलं आणि बसवाल्याला शिव्या द्यायच्या त्या अभिनंदन करून संपवल्या. ओफेलियाने आपला कोट वेंडेलच्या पायांना गुंडाळला. सगळं छान जमून आलं होतं. तेवढ्यात वेंडेलचा चेहरा पडला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"खाली पण त्याच डब्यातून जायचं का रे?"

त्याला खाली कसं आणलं, ते ओफेलिया टपरीवर येईल त्याला सांगते. दर वेळी त्यात एक खांब वाढतो. नवऱ्याचा गुण लागला, दुसरं काय?

वेंडेल अजूनही पायथ्याशी थांबून बस सांभाळतो. फक्त उंटझाडाबद्दल आता खरं सांगतो. "वर असं कुठलंही झाड नाही," तो हात जोडून बजावतो. "मी स्वतः जाऊन पाहिलंय. शोधत बसू नका."

लोक वर जातात. तासा-दोन तासांनी लाल नाकं घेऊन खाली येतात. परवा मिनेसोटाच्या एका आजीबाई बसमध्ये चढल्या, फोनवरचा फोटो वेंडेलच्या नाकासमोर धरला आणि त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "आहे हो! मोठ्या दगडामागे. तुम्हीच नीट पाहिलं नसेल."