सहदेवच्या संगणकातली गर्दी

सहदेव माझ्याकडे सातवीला होता, तेव्हाच पहिल्या बाकावरूनही त्याला फळा नीट दिसेनासा झाला होता. पुढे उरलीसुरली नजरही गेली. आज तो चाळिशीचा आहे. कर्जतहून खालापूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात, घरी बसून संगणकावर काम करतो. मुंबईची एक संस्था लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करून पाठवते. सहदेव त्या ऐकून टाइप करून देतो. पडद्यावर येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्याच्या संगणकात आहे. त्याला तो ‘बोलका’ म्हणतो.

संगणक मात्र जुना, कुठल्याशा ऑफिसातून आलेला. सुरू केला, की नको ते प्रोग्राम आपोआप उघडत. एक जण घरात नसलेला प्रिंटर शोधी, दुसरा नवी आवृत्ती घ्या म्हणे, तिसरा मीटिंगला बोलावी. बोलका हे सगळं इमानेइतबारे वाचत बसे. “लगीनघर परवडलं,” असं सहदेवची आई सोनाबाई म्हणे. त्या गडबडीत टाइप करायला घेतलं, तर अक्षरं पडद्यावर उघडलेल्या भलत्याच चौकटीत जात. एकदा अर्धी मुलाखत अशीच गेली. तेव्हापासून त्याची बायको सुरेखा रोज सकाळी शेजारी बसून एकेक चौकट बंद करून देऊ लागली. पण ती एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला जाते आणि तिकडची गाडी कुणासाठी थांबत नाही. सहदेवला एकट्याने संगणक सुरू करता आला नाही, तर दोघांपैकी एकाचं काम सुटणार, हे दोघांनाही कळत होतं.

एका रविवारी तो बाहेर गेला असताना सुरेखाने मोबाइलवर व्हिडिओ बघितला, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि सगळेच बंद करून टाकले.

सोमवारी सहदेवने बटण दाबलं आणि वाट बघत बसला.

“आज उठत नाय वाटतं हा.”

“चालू झालाय की कवाचा!” सुरेखा वेणी घालत म्हणाली. “बघा कसा गप हाय. मीच केलं समदं बंद.”

“समदं?”

“समदं!”

“मग तो तुझ्यासाठी चालू झाला गं. मला कसं कळंल? बोलक्यालाबी गप केलंस.”

सुरेखाचा हात वेणीतच थांबला. बोलका आजवर आपोआपच सुरू होई. तो हाताने कसा सुरू करायचा, हे सहदेवला कुणी शिकवलंच नव्हतं.

“चांगलं कराया गेले नि...” तिला रडू फुटलं.

“रडू नको, गाडी येईल. बस हितं. एकेकाचं नाव वाच.”

दहावी झालेली सुरेखा इंग्रजी अक्षरं जोडून वाचू लागली.

“प्रिंटरचा.”

“बंद ऱ्हाऊ दे.”

“हा गाण्यांचा दिसतोय.”

“तोबी. तू म्हणतेस तेवढी गाणी पुरं.”

“टोमणं नका मारू. हा मराठी टायपिंगचा.”

“चालू कर.”

“ह्याचं काय कळत नाय बघा.”

“कळत नाय त्याला पयल्यासारखा चालू ठेव. संस्थेतल्या मॅडमना इचारू, मग बघू.”

शेवटी बोलका सापडला. तोही तिने चालू केला. आता संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा तेवढा राहिला, तोच फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

“आज खाडा करते मी,” सुरेखा म्हणाली.

“नको. जा तू. रोज काय खाडा करशील?”

ती गेली, पण गाडीत तिचं चित्त नव्हतं. चौक गावाच्या अलीकडे सहदेवचा फोन आला. उचलला, तर सहदेवचा आवाज नाही, एक कोरडा यांत्रिक आवाज कुठल्याशा फाइलचं नाव वाचत होता. त्यामागे प्रिंटर नाही, मीटिंग नाही, दुसरं काहीच नव्हतं.

“कोण गं बोलतंय एवढं शुद्ध?” गाडीत शेजारी बसलेल्या भागीने विचारलं.

“आमच्या घरातलाच हाय,” सुरेखा म्हणाली आणि डोळे पुसत हसली. मग फोनमध्ये “अवो, ऐकलं मी” म्हणाली. पण सहदेवने फोन ठेवला होता. तो कामाला लागला होता.