घरचा दुभाष्या

मी जर्मन शिकले ती नातवाशी बोलायला. सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, रिटायर झाली, नवरा गेला, वेळ जात नसेल, म्हणून कानात इअरफोनची बोंडं घालून बसते. वेळ जायला माझ्याकडे टीव्ही होता, भिशी होती, नॅशनल पार्कात सकाळी चालायला येणारा आमचा घोळका होता. नव्हतं ते एवढंच, की जर्मनीत वाढणाऱ्या माझ्या एकुलत्या एका नातवाला सरळ विचारता येत नव्हतं, "बाळा, आज शाळेत काय झालं?"

सून तिकडचीच. मुलगा शिकायला गेला, नोकरीला लागला, लग्न करून तिथलाच झाला. नातू बोलायला लागला तेव्हा मी म्हटलं, "थोडं मराठी कानावर पडू दे रे त्याच्या." मुलगा म्हणाला, "आई, गोंधळेल तो. आधी एक भाषा नीट होऊ दे." मी महापालिकेच्या मराठी शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं. घरी मारवाडी, तेलुगू, भोजपुरी बोलणारी पोरं जूनमध्ये मुकी यायची आणि दिवाळीनंतर माझ्याशी मराठीत भांडायची. मुलं गोंधळत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्याच मुलाला हे कोण शिकवणार? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. सुनेशी "हाऊ आर यू, फाइन, वेदर कोल्ड" एवढ्यावर आमची गाडी थांबायची. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा आणि मधे मुलगा. मी मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये सांगायचा, पोर काही बोललं की तो मला मराठीत सांगायचा.

आमचे हे गेल्यानंतरच्या वर्षी मी फोनवर भाषा शिकवणारं एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. सुरुवातीला त्याने मला "हत्ती दूध पितो" असली वाक्यं शिकवली. महिनाभर मी हत्ती आणि अस्वलं घोकली. मग कळलं की याने नातवाशी बोलणं काही होणार नाही. शोधता शोधता एक बाई सापडली. तिकडची शिक्षिका, परदेशातून आलेल्या बायकांसाठी फुकट व्हिडिओ टाकणारी. फळ्यासमोर उभी राहून सावकाश बोलायची, चूक होईल तिथे आधीच थांबायची. चांगली मास्तरीण मला लांबूनही ओळखू येते. दुपारची भांडी आटपली की मी तिच्या वर्गात बसायचे. तिच्यानंतर लहान मुलांच्या गोष्टी ऐकायचे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, शब्द सुटे होईपर्यंत.

मला मजा यायला लागली. त्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं. व्हिडिओखाली इंग्रजीवाले लोक त्यावरून रडत असायचे, मला हसू यायचं. आम्ही जन्मापासून तो-ती-ते करतोय! आणि मुलगी म्हणे त्यांच्यात नपुंसकलिंगी. आमच्या ह्यांच्या मालवणीतही तसंच, "ता चेडू". हे असते तर त्यांना सांगितलं असतं.

मुलाला सांगितलं तर तो हसला. "कशाला त्रास करून घेतेस? मी आहे ना सांगायला!"

मग एका रविवारी मी म्हटलं, "त्याला सांग, यंदा मे महिन्यात ये. आजी आंबे ठेवील." मुलगा नातवाकडे वळून काहीतरी बोलला. त्यात आंबा नव्हता, मे नव्हता, येणं नव्हतं. मला ऐकू आलं ते असं, की आजी म्हणते तू किती मोठा झालास. नातू लाजून हसला. मी पण हसले. वाटलं, आपलाच कान कच्चा. अर्धं समजणारं पोर वर्गात सगळ्यात जास्त चुकतं, हे मला माहीत होतं.

पुढे एकदा नातवाने स्क्रीनजवळ तोंड आणून विचारलं, "वारुम कॉम्ट ओमा नी?" आजी कधीच का येत नाही? त्यातला एकेक शब्द मला येत होता. मुलगा म्हणाला, "विचारतोय, तू जेवलीस का."

"जेवले म्हणावं," मी म्हटलं.

फोन ठेवला. मग स्वतःला समजावलं. त्याला वाईट वाटत असेल. आईला कसं सांगायचं, की बोलवायला जमत नाही? लपवत असेल बिचारा. त्यानंतर मी पत्ते उघडे केले नाहीत. दर रविवारी ऐकत राहिले. पोर विचारायचं एक, माझ्यापर्यंत यायचं दुसरं. मी सांगायचे एक, त्याच्यापर्यंत जायचं तिसरंच. आणि मधे माझा मुलगा, दोन्हीकडे गोड हसणारा.

नाताळच्या सुट्टीत ते तिघं बोरिवलीला माझ्याकडे आले. नातू आठ वर्षांचा झालेला. पहिल्या दिवशी मी त्याला दारातच जर्मनमध्ये म्हटलं, "ये रे, तुझी वाट बघत होते." तो आईकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग ओरडला, "ओमा बोलते!" सुनेने मला मिठी मारली. मुलगा म्हणाला, "अरे वा, झकास," आणि बॅगा आत न्यायला लागला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुनेचं पोट बिघडलं. मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. मी नातवाला घेऊन गोराईला निघाले. होडीत माणसांबरोबर स्कूटरी चढवतात हे बघून तो खूश. पलीकडे रिक्षा केली. वाटेत बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, त्याचा वास आला तसं त्याने नाक धरलं आणि हे काय ते काय विचारत सुटला. मी सांगत होते. माझं त्यांच्यातलं तो-ती-ते चुकलं की तो दुरुस्त करायचा, अगदी माझ्याच मास्तरकीच्या सुरात. इतकं सुख मला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

किनाऱ्यावर तो चपला काढून उभा राहिला. म्हणाला, "समुद्र तपकिरी आहे."

"आपला असाच असतो," मी म्हटलं. "तू निळा पाहिलास का?"

"हो. स्पेनमध्ये. तिथे पापा रडला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "का रे रडला?"

"आजोबा मेले ना, इंडियातले. ओमाचा फोन आला. पापा फोन घेऊन वाळूत बसला आणि रडला. मग मामाने मला आइस्क्रीम घेतलं."

मामा म्हणजे तिकडे आई. सोपी वाक्यं होती सगळी. पहिलीच्या पुस्तकातली. परत विचारण्यासारखं काही नव्हतं, तरी मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं, आणि शिंपले वेचायला पळाला.

हे आजारी होते तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. लिव्हर गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. मी फोन केला तर मुलगा म्हणाला, पासपोर्ट नूतनीकरणाला दिलाय, ऑफिसात अडकलाय, हातात आला की त्या मिनिटाला निघतो. रोज फोन, रोज तेच. ह्यांची शुद्ध येत-जात होती. आली की पहिला प्रश्न, "झील इलो काय?" मुलगा आला का? मी सांगायचे, पासपोर्ट अडकलाय. मग हे त्या पासपोर्टवाल्यांना शिव्या घालायचे. गिरणी बंद पडून नोकरी गेली तेव्हासुद्धा जो माणूस कुणाला वाईट बोलला नाही, तो माणूस न बघितलेल्या कारकुनांना शिव्या देत गेला. मुलगा दहाव्याला पोचला. नाकाची साल निघत होती त्याच्या. मला वाटलं, धावपळीने चेहरा करपला पोराचा. मी खोबरेल लावलं होतं त्याला माझ्या हाताने.

गोराईहून परत कशी आले ते नीटसं आठवत नाही. नातू बोलत होता, मी "या, या" म्हणत होते. त्यांच्यात "हो" ला "या" म्हणतात.

घरी आल्यावर नातू टीव्हीसमोर बसला. मुलगा स्वयंपाकघरात चहा टाकत होता. मी ओट्याला टेकून विचारलं, "बाबा गेले तेव्हा तू स्पेनला होतास?"

त्याच्या हातातली साखर तशीच राहिली. "कोणी सांगितलं?"

"तुझ्या मुलाने."

"आई, तो पाच वर्षांचा होता. त्याला काय कळतंय?"

"तू वाळूत बसून रडलास, हे त्याला कळतंय."

त्याने साखर डब्यात परत टाकली. मग एकदम सगळं बाहेर आलं. सहल आधीपासून ठरलेली होती. वाटलं होतं, अजून थोडे दिवस आहेत, परत आलो की निघू. "आणि मला बघवलं नसतं गं. बाबांना तसं, नळ्याबिळ्या लावलेलं. मला नाही जमत ते."

"मला जमत होतं?"

"तू वेगळी आहेस."

"आणि पासपोर्ट?"

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना!"

काहीतरी सांगायला पाहिजे होतं. हे त्याने इतक्या सहज म्हटलं, की मला रविवारचे सगळे फोन एकदम आठवले. मी विचारलं, "मी त्याला आंबे खायला बोलवायचे, तेव्हा तू त्याला काय सांगायचास?"

 मला किती येतं आणि कधीपासून येतं, याचा हिशोब त्याच्या डोळ्यांत दिसत होता.

आमचे आवाज चढले असावेत, कारण सून उठून दारात आली. पोटावर हात, केस विस्कटलेले. तिने त्याला विचारलं, काय झालं? तो तिच्याकडे वळला आणि त्याच नेहमीच्या मऊ आवाजात जर्मनमध्ये म्हणाला, "काही नाही. आई दमलीये. उन्हात फिरून आली ना."

माझ्यासमोर. रविवारचंही मला सगळं समजत होतं हे कळल्यानंतर दोन मिनिटांच्या आत. त्याला खोटं बोलायचं असेल असंही नाही, सवयच झाली होती ती.

"इश बिन निष्त म्यूडे," मी म्हटलं. मी दमलेली नाही.

मग माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी तिला सांगितलं. नवरा आजारी. मी फोन करते. मी म्हणते, ये. रोज म्हणते, ये. तो म्हणतो, पासपोर्ट नाही. एवढंच येत होतं, एवढंच पुरलं. तिचा चेहरा बदलत गेला. तिने सावकाश, माझ्या मास्तरणीसारखं एकेक शब्द सुटा करून मला विचारलं, "तुम्ही म्हणाला नव्हतात का, की येऊ नका, इतकं काही गंभीर नाही?"

"नाइन," मी म्हटलं.

ती स्टुलावर बसली. म्हणाली, तिने स्पेनची तिकिटं रद्द करायला काढली होती. याने सांगितलं, आई म्हणते सुट्टी मोडू नका. आणि मी तीन वर्षं मनात धरून बसले होते, की हिनेच नातवाला इकडे येऊ दिलं नसणार.

मुलगा म्हणाला, "दोघी मिळून आता मलाच फाडून खा." चहा उतू गेला. मुलगा चपला घालून खाली निघून गेला.

राहिलेले दिवस आम्ही एका घरात काढले. नातवासाठी हसत होतो. जाताना मुलगा पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला, कारण पोर बघत होतं. हात ठेवला, आशीर्वाद तोंडातून आला नाही.

आता रविवारी नातू आणि मी सरळ बोलतो. तो मला त्याच्या शाळेतली भांडणं सांगतो. मधे कुणी नसतं. मुलगा मागून कधी जाताना दिसतो, "आई, बरी आहेस ना?" म्हणतो. मी बरी आहे म्हणते. तो म्हणतो, काम खूप आहे. असेल. नसेलही. पोटच्या पोराचं साधं वाक्य ऐकून आधी खरं-खोटं तपासावं लागतं, हे मला रोज नव्याने लागतं.

मागच्या महिन्यात सुनेचा मेसेज आला. सोप्या जर्मनमध्ये, मला समजेल असा. तिला जाणून घ्यायचं होतं, शेवटच्या दिवसांत सासरे कसे होते, काय बोलायचे. मी दुपारच्या दुपार बसून लिहिलं. हॉस्पिटलचे शब्द मला येत नव्हते, ते शोधले. गिरणी कशी समजवायची ते शोधलं. "झील इलो काय" ला मात्र अडले. ते लिहावं की गाळावं, यावर दोन दिवस गेले. गाळलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गाळण्याचं काम या घरात पुरेसं झालंय, असं वाटलं. मी लिहिलं. ते रोज विचारायचे, मुलगा आला का.

तिने ते त्याला वाचून दाखवलं असावं. बुधवारी, भलत्याच वारी, त्याचा फोन आला. "आई," म्हणाला, आणि पुढे काही नाही. श्वास ऐकू येत होता. एरवी मीच काहीतरी बोलून त्याला सोडवलं असतं, जेवलास का, थंडी आहे का. त्या दिवशी मी गप्प राहिले. मी फोन ठेवला नाही आणि त्याला मदतही केली नाही. थोड्या वेळाने त्यानेच ठेवला.